स्वाईप मशीन नेमकं किती कापतं, हे दाखवणाऱ्या ताईंना

ताई, स.न.वि.वि.

आमचे जीएसटीचे कागद करणाऱ्या तुमच्या ऑफिसचं बिल मी वेळेवर चुकतं करत होतो, पण हे काम त्या बिलात कुठंच नव्हतं. म्हणून हे चार ओळींचं जाहीर पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. शाहूपुरीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

जीएसटीच्या कंपोझिशन योजनेच्या (छोट्या दुकानदारानं उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायचा, ती) तिमाही चलनासाठी दिलेल्या कागदांत स्वाईप मशीनचं मे महिन्याचं स्टेटमेंट होतं. तुमच्या कामाचं नव्हतं ते. तरी तुम्ही वाचलंत, पेन्सिलीनं तीन आकड्यांना गोल केलात आणि मला बसवून विचारलंत, "दादा, तुमचा रेट किती सांगितलाय?" मशीन देणारा पोरगा "एक पॉईंट नऊ" म्हणाला होता. आमची अख्खी चप्पल लाईन, म्हणजे कोल्हापुरातली चपलांच्या दुकानांची ओळ, हेच म्हणते.

तुम्ही कॅल्क्युलेटर माझ्याकडं सरकवलात. कार्डावरची विक्री १,२०,००० रुपये. एमडीआर, म्हणजे कार्डाच्या प्रत्येक विक्रीमागं दुकानदाराकडून कापली जाणारी फी, २,१८०, त्यावरचा जीएसटी ३१०, मशीनचं भाडं जीएसटीसकट ४७२. एकूण कपात २,९६२. भागाकार केला तर २.४७ टक्के. तेही त्यात स्वस्तातली डेबिट कार्डं धरून!

मग एकेक रकाना उलगडलात. डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्याच्या वर ०.९०. रुपे डेबिट आणि साध्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादाच नाही, आणि रुपेचं क्रेडिट कार्ड म्हणजे रुपे डेबिट नव्हे. कंपनीच्या नावावरची आणि परदेशी कार्डं तर आणखी महाग. स्टेटमेंटात त्यांच्यापुढं वेगळाच दर होता. त्या पोरानं हे सांगितलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं तो म्हणेल.

हा पैसा जातो कुठं, तेही तुमच्याकडूनच कळलं. सगळ्यात मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कचा, उरलेला मशीन देणाऱ्यांचा. म्हणजे मुंबईच्या पाहुण्याला पॉइंट मिळतात, विमानतळावर फुकट नाश्ता मिळतो, त्यातला एखादा घास आमच्या पायताणातून जातो. ऐकून हसलो, पण बरं वाटलं नाही.

पण माझ्या डोक्यात बसला तो पुढचा हिशोब. २,४०० रुपयांचा कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) जोड. क्रेडिट कार्डावर १.९ टक्क्यानं ४५ रुपये ६० पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ रुपयांच्या आसपास. आम्ही कंपोझिशनवाले, तो जीएसटी आम्हाला आमच्या करातून वजा करता येत नाही, तो गेला तो गेला. तुम्ही विचारलंत, "जोडामागं सुटतात किती?" मी म्हटलं चारशे. "मग ५४ चारशेत बघा, चोवीसशेत कशाला बघताय?" साडेतेरा टक्के! कारागिराशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे आम्ही, इकडं बघतच नाही.

दोन हजारांपर्यंतच्या एका व्यवहाराला एमडीआरवर जीएसटी लागत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. पण त्यासाठी एक बिल फोडून दोनदा स्वाईप करू नका, हेही लगेच बजावलंत. नाहीतर आमची डोकी तिकडंच पळतात.

भाड्याचं तर आम्ही कुणी मनावरच घेत नव्हतो. पावसाळ्यात चामड्याची चप्पल कोण घेतंय? जुलैत कार्डावर वीस हजार आले, तर नुसतं भाडंच २.३६ टक्के पडतं. दिवाळीच्या महिन्यात दोन लाख आले की तेच पाव टक्क्याच्या आत. तुम्ही सांगितल्याप्रमाणं बारा महिन्यांची बेरीज काढून बँकेत नेली, तेव्हा भाडं निम्म्यावर आलं. बेरीज हातात नसती तर साहेबांनी खुर्चीही दिली नसती.

शेजारी कार्डाला वरचे दोन टक्के लावतात, आपणही लावावेत का, असं मी विचारलं होतं. डेबिट कार्डावर तसं लावायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे, हे तुम्ही सांगितलंत आणि आमच्या करारातल्या बारीक अक्षरांवर बोटही ठेवलंत. मशीन परत कर, असंही म्हणाला नाहीत. अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं कुटुंब कार्ड चालतंय म्हटल्यावर एकाच्या जागी तीन जोड घेतं, आणि रोकडही फुकट नसते: मोजायला माणूस, बँकेची रांग, मर्यादेबाहेर भरणा केला तर त्याचे चार्जेस. तुमचं म्हणणं एवढंच, की ही किंमत जोडाच्या भावात आधीच धरा. आता नवीन मालाचा भाव ठरवताना चामडं, मजुरी, शिलाईच्या खाली 'मशीन' अशी एक ओळ असते.

लायनीतले दोघंतिघं आपापली स्टेटमेंटं घेऊन तुमच्याकडं येतो म्हणतायत. त्यांच्याकडून फी घ्या, ताई. माझ्यासारखं फुकट सांगत बसू नका. मशीनचा करार मार्चमध्ये संपतोय, नव्या कंपनीचा कागद सहीआधी तुम्हाला दाखवायला आणतो.

आपला नम्र,
चप्पल लाईनचा एक दुकानदार, कोल्हापूर