चरईतलं घर आणि बाबांचा रंधा

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, ठाण्यातल्या चरईच्या या जुन्या घराच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा कर, वर ऑईलपेंट मार, कटकट मिटेल. नाही मिटायची. भिंती विटा-चुन्याच्या आहेत आणि पायात ओल अडवणारा थर नाही. जमिनीतली ओल विटांतून चढणारच. चुना तिला सुकू देतो. सिमेंटने वाट बुजवली की ती आणखी वर सरकते, आत क्षार साठतात, लोणा, म्हणजे खारट पांढरी भुकटी, फुटतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. मोरीजवळ पूर्वी कुणीतरी सिमेंटचा पट्टा मारलाय, बोटाने टकटक केलं की पोकळ वाजतो. तो खरवडून एक भाग मुरलेला चुना, तीन भाग वाळू असा गिलावा करायचा. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, आठवडाभर पाणी शिंपडायचं, नाहीतर तडे ठरलेले. वरून सफेदीत डिंक घालणार आहे, म्हणजे आई, तुझ्या साडीला चुना लागणार नाही.

कौलं मंगलोरी, चौरस मीटरला साधारण 15. शाकारणी, म्हणजे कौलं नीट लावून घेणं, मे महिन्यातच. फुटकं कौल शोधायला भर दुपारी दिवे मालवून खालून बघायचं. उन्हाचा कवडसा दिसेल तिथे केरसुणीचा हीर खुपसला की वर चढलेल्याला तो बरोबर सापडतो. पुष्कळदा कौल फुटलेलं नसतंच, मांजराने सरकवलेलं असतं! बदलायचं झालं तर त्याच साच्याचं हवं, दुसऱ्या कारखान्याच्या कौलाची खाच बसत नाही. ठाण्यात जुनी घरं पाडली जातात, तिथून वीसेक आणून माळ्यावर ठेवलीत. वर चढणाऱ्याने पाय कौलांखालच्या लाकडी रिपेच्या रेषेवर द्यायचा. कौलाच्या मधोमध दिला की गेलं.

वायरिंग मात्र सगळं नवं. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच. तिथे जुनेपणाचं कौतुक नको.

आई, देव्हारा आणू नकोस. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आपले देव मावतात, समईची काजळी पुसायला वर एक फरशीचा तुकडा बसवलाय. बाबा, उंबरा सहा इंच उंच आहे, रात्री जपून.

आणि पुढचं दार. जुलैत फुगून घासतं, तेव्हा तासलं तर हिवाळ्यात लाकूड आटून बोटभर फट पडते. तोवर कडेला मेणबत्ती घासते, भागतं. गणपतीला याल तेव्हा रंधा घरीच ठेवा. माघात या, तेव्हा आणा.

तुमची,
लेक