मंडईतल्या मावश्यांची जागा आधी लिहून द्या

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात मी आणि माझी बहीण टांझानियातल्या झांझिबार बेटावर जाऊन आलो, सगळे तिथे बीचसाठी जातात पण आमचे चारातले तीन दिवस स्टोन टाउन या जुन्या शहरातच गेले. अरुंद गल्ल्या, पितळी खिळे ठोकलेले कोरीव दरवाजे, वर लाकडी गॅलऱ्या, भुलेश्वरातच फिरतोय असं वाटत होतं. दराजानी बाजार 1904 सालचा, आजही रोज भरतो, मासळीचा लिलाव सुरू झाला की काय तो आरडाओरडा, ऑक्टोपस सरळ फरशीवर पसरलेले. चपातीला ते चपातीच म्हणतात, कोशिंबिरीला कचुंबारी! आणि झांझिबार मिक्स तर खायलाच हवं, आंबट पिवळ्या कढीसारख्या रश्शात भजी, उकडलेला बटाटा, नारळाची चटणी, वरून ज्या कंदाचा साबुदाणा करतात त्याचेच कुरकुरीत वेफर्स.

पण मला सांगायचंय ते फोरोधानी बागेचं. संध्याकाळ झाली की समुद्राकाठी खाण्याचे स्टॉल लागतात, चरकातून आलं लिंबू घालून उसाचा रस निघतो. 2009 मध्ये आगा खान ट्रस्टने ही बाग नव्याने करून दिली, आणि तरीही खाण्याचे स्टॉल तिथेच आहेत, बाग पण छान आणि विकणारे पण जागेवर.

आमच्या घराजवळची मंडई दुरुस्तीसाठी रिकामी करून दोन वर्षं झाली. माझी आई जिच्याकडून बोंबील घ्यायची ती कोळीण मावशी आता स्टेशनबाहेर पाटी घेऊन बसते, बर्फ नाही, पाणी नाही, उचलायची गाडी आली की पाटी डोक्यावर घेऊन पळायचं, साठीच्या पुढची बाई आहे हो ती. मंडई दुरुस्त व्हायलाच हवी, पण पहिला हातोडा पडायच्या आधी कुणाचा ओटा कुठे आणि कधी मिळणार हे तारखेसकट लिहून दारावर लावा ना, आणि तोपर्यंत जवळच शेड आणि नळ द्या. तुमच्या पेपरने मुंबईतल्या अशा बंद पडलेल्या मंडयांची यादी छापावी आणि प्रत्येकीचं काय झालं ते विचारत राहावं ही कळकळीची विनंती.

बुधवारी मावशीने सुरमई कापता कापता विचारलं, "बाय, मंडईचं काय समजलं का गो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

- एक वाचक, गिरगाव, मुंबई