‘व’चा विठ्ठलराव करून देणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

त्या रात्री फोनवर तुम्ही माझ्या प्रोग्राममधली चूक शोधून दिली, पण रेंज गेली अन् तुमचे आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे असं सगळ्यांसमोर.

पांढरकवड्याकडच्या आमच्या खेड्यात कापसाच्या काट्यावर पावत्या काढायचा प्रोग्राम मी पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिला. काट्याची लायब्ररी, म्हणजे माझा प्रोग्राम वापरतो तो तयार कोड, सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेतली, विकत घेतलेली. विंडोजवर दोन हंगाम बिनबोभाट चालली. यंदा विंडोज काढून उबुंटू हे लिनक्स टाकलं, विकणाऱ्याने नवी एसओ फाईल (लिनक्सवर लायब्ररी अशा फाईलमध्ये येते) दिली, अन् वजन बरोबर, भाव बरोबर, नावाच्या जागी मात्र एकच अक्षर! विठ्ठलराव ‘व’, किसनराव ‘क’. वेलांटीसुद्धा गायब. बाहेर बैलबंड्यांची रांग, अन् त्यात चार जण ‘र’. विकणारा म्हणे फॉन्ट खराब आहे. मीही तीन फॉन्ट बदलून पाहिले, कबूल करतो.

तुम्ही फॉन्टचं नावही काढलं नाही. “नाव राहू दे बे, बाइट वाचून दाखव.” स्लॅबवर उभा राहून मी वाचले: ३५, ०९, ००, ००. तिथेच तुम्ही थांबवलं. अशी लायब्ररी नाव ‘वाइड’ अक्षरांत, म्हणजे एकाहून जास्त बाइटांच्या अक्षरांत घेते; अशा अक्षराला लिनक्सवर पायथन चार बाइट देतं, विंडोजवर दोन. ही एसओ मात्र लिनक्सवरही दोनच बाइटांचं अक्षर धरून बांधलेली. ३५ ०९ हा ‘व’ तिने घेतला, पुढची दोन शून्यं दिसली, अन् नाव संपलं असं समजली. मी चार शेरांच्या पायलीने ओतत होतो, ती दोन शेरांच्या पायलीने मोजत होती.

मग नाव यूटीएफ-१६ एलई या दोन-दोन बाइटांच्या रीतीत एन्कोड केलं, शेवटी दोन शून्य बाइट जोडले अन् सरळ बाइट म्हणून पाठवलं. दोन ओळींचं काम.

अन् न विचारता सांगितलेलं ते रेसटाइपचं, म्हणजे लायब्ररीकडून काय प्रकारचं उत्तर येणार हे सांगण्याचं! परत येणाऱ्या स्ट्रिंगचा, म्हणजे अक्षरांच्या ओळीचा, प्रकार मी कुठे लिहिलाच नव्हता. सीटाइप्स, म्हणजे पायथनमधून अशी लायब्ररी हाक मारायचं साधन, मग त्याला इंट (साधा पूर्णांक) धरतं, अन् स्ट्रिंगचा मेमरीतला ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांत कापला जातो. मधूनमधून प्रोग्राम कोसळायचा तो यानेच. मी आपला विजेच्या लाइनीला शिव्या घालत होतो.

काल विठ्ठलरावांनी पावती उन्हात धरून आपलं अख्खं नाव वाचलं. ‘ठ्ठ’ अजून तुटका येतो. पण तो प्रिंटरचा दोष आहे, तुमच्या गळ्यात घालत नाही.

तुमचा,
काट्यावरचा पोरगा