तुझी बाटली इथेच राहिली

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलीस आणि मी आत आले, तर तुझी पाण्याची बाटली ओट्यावर. तोंडापर्यंत भरलेली. घाईत राहिली असणार, हे कळतं मला. तरी आज गुरुवार उजाडला आणि ती अजून तिथेच आहे. बाबांनी दोनदा उचलायला हात पुढे केला, मी "राहू दे" म्हटलं.

काल फोनवर तू म्हणालीस, "काही नाही गं, दमलेय." शाळेतली नवी नोकरी आहे, पहिला आठवडा आहे, माणूस दमणारच. याबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवूनच मी लिहायला बसले आहे.

आधी चांगलं सांगते. तुझ्या खोलीच्या दारावरच्या पाटीचा फोटो बाबांनी मोठा करून करून पाहिला. तुझं नाव, खाली "समुपदेशक". आत्यालाही पाठवला. आत्या फोनवर रडली, म्हणाली, आपल्या वेळी अशी एक खोली असती तर. पुढे ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

तू ठेवून गेलेल्या वह्या मी वाचते आहे. रागावू नकोस, कपाटात नव्हत्या, टेबलावरच होत्या. नॉर्वेत शाळेतल्या छळाचा अभ्यास करणाऱ्या त्या मानसशास्त्रज्ञावर, डॅन ओल्वेयसवर, तू चार पानं लिहिली आहेस. मुद्दाम त्रास देणं, पुन्हा पुन्हा देणं आणि ज्याला देतात त्याला स्वतःचा बचाव करता न येणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ते बुलिंग. मी तिसऱ्या गोष्टीवर थांबले. आम्ही याला चिडवाचिडवी म्हणत आलो. "दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील." हे वाक्य मी तुला किती वेळा म्हटलं असेन? जिला बचावच करता येत नाही, तिला मी म्हणत होते की तूच काहीतरी कर.

आठवीत तुझी बाटली रोज भरलेली परत यायची. मी दप्तर उघडायची, बाटली हातात घेतली की वजनावरूनच कळायचं आणि माझी बडबड सुरू व्हायची. "दिवसभर एक घोट पाणी प्यायला काय होतं तुला?" तू चपला न काढता धावत बाथरूममध्ये जायचीस. रोज. पाच महिने मी ते पाहिलं आणि मला वाटलं, हिला घाईघाईची सवयच आहे. दोनदा लघवीला जळजळ झाली, ताप आला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता तुला विचारलं, "शाळेत बाथरूमला जातेस का?" तू मान हलवलीस. "का नाही जात?" आणि तू सांगितलंस. त्या तिघी बाहेरून कडी लावतात, दिवा घालवतात, मधली सुट्टी संपेपर्यंत उघडत नाहीत. म्हणून तू पाणीच पीत नव्हतीस.

एका परक्या माणसाने एका मिनिटात विचारलेला प्रश्न मला पाच महिन्यांत सुचला नव्हता. तू मोठी झालीस, तुला नोकरी लागली, तरी ते मनातून जात नाही.

पाणी पितेस ना तिथे?

तुझ्या वहीत आणखी एक पान आहे, ते मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोन मुलांत साधं भांडण असेल तर समोरासमोर बसवून समेट घडवता येतो, पण छळ होत असेल तर तसं करायचं नाही, कारण दोघांची ताकद सारखी नसते आणि दुबळं मूल त्या खोलीत खरं बोलूच शकत नाही. शेजारी तू पेन्सिलीने फक्त "हस्तांदोलन" एवढा एक शब्द लिहिला आहेस. तो कशाबद्दल आहे ते मला कळलं. बाईंनी तुम्हाला समोर उभं केलं, "सॉरी म्हण, हात मिळव" झालं, आणि मी घरी येऊन हुश्श केलं. त्यानंतर कडी लागली नाही, पण वर्गात तुझ्याशी बोलणंच बंद झालं. कुणी मारत नाही, शिवी देत नाही, तर तक्रार करायची कशाची? बाबा ते ऐकून उठून गॅलरीत गेले.

तेव्हा ज्यांनी चुकीचं केलं त्यांना वाईट माणसं म्हणवत नाही मला. कुणी शिकवलंच नव्हतं. नॉर्वेतसुद्धा 1982 च्या शेवटी तीन मुलग्यांनी अशा छळापायी जीव दिला तेव्हा देश हलला आणि 1983 मध्ये देशभर मोहीम निघाली. बेर्गनच्या 42 शाळांमधली सुमारे 2,500 मुलं पाहिली, तर दोन वर्षांत त्रास जवळपास निम्म्यावर आला होता. भाषणं देऊन नाही. मधल्या सुट्टीत मोठी माणसं आवारात उभी राहिली, वर्गात नियम ठरले, वर्गाची दर आठवड्याला बैठक झाली. इतकं साधं! मनू, मला राग येतो तो या साधेपणाचा. बाथरूमच्या त्या पॅसेजमध्ये मधल्या सुट्टीत एक बाई नुसत्या उभ्या असत्या तरी पुरलं असतं.

म्हणून तुला एक सुचवते. शाळेचा नकाशा मुलांच्या हातात देऊन "कुठे भीती वाटते तिथे खूण करा" म्हणायचं, नाव लिहायचं नाही, हे जे तू वहीत लिहिलं आहेस ना, ते पहिल्या महिन्यातच कर. थांबू नकोस. आणि तुझी खोली मुख्याध्यापकांच्या दाराला लागून आहे म्हणालीस, ते मला पटलं नाही. तिथे येणारं मूल सगळ्यांच्या नजरेला पडणार. दुसरी खोली माग. नाही म्हणाले तर पुन्हा माग. एखादं मूल म्हणालं "कुणाला सांगू नका", तर तसं वचन देऊन बसू नकोस; जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, हे त्याला आधीच सांग. आणि जिवाचं काही बरंवाईट करण्याचं मनात येतं का, हे सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही.

बघ, मी तुलाच शिकवायला लागले. हे सगळं तुझ्याच वहीतलं आहे, परीक्षा तू दिलीस, आणि मी चार दिवस वाचून तुला उपदेश करते आहे. चुकलं. खोडून टाकणार होते, पण मग पत्रात काय उरेल असं वाटलं.

तुझी ती चष्मेवाली मैत्रीण आठवते? जी एकदम एका सोमवारी बाक बदलून तुझ्या शेजारी येऊन बसली? तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तुझ्याबरोबर बाथरूमपर्यंत यायची आणि दाराबाहेर उभी राहून पाढे म्हणायची, मोठ्याने, म्हणजे ती गेलेली नाही हे तुला आत कळावं. एकोणिसाचा पाढा तुझा त्यामुळेच पाठ झाला. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून पाहिलं ते तुझ्या वहीत आहे: शंभरातल्या 88 प्रसंगांत इतर मुलं आसपास होती, मधे पडली फक्त 19 प्रसंगांत, पण मधे पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला. दहा सेकंद. मी घड्याळ लावून पाहिलं. एकोणिसाचा पाढासुद्धा तेवढ्यात पुरा होत नाही. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने बुलिंग थांबवण्याचा सगळा कार्यक्रमच या बघणाऱ्या मुलांवर बेतला, ते वाचताना मला सारखी ती मुलगी डोळ्यांसमोर येत होती. तिच्या आईला मी कधी भेटले नाही. भेटायला हवं होतं.

त्या मुलीनंतर पहिल्यांदा तुझी बाटली अर्धी रिकामी आली. तू मला काही सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. नुसती बाटली हातात धरून उभी राहिले होते.

आता जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते विचारते. तिथे तुझं ऐकायला कोण आहे? एका शाळेला तू एकटी. दिवसभर मुलं येणार, एकेक गोष्ट तुझ्यापुढे ठेवून जाणार, आणि संध्याकाळी तू ते घेऊन त्या भाड्याच्या खोलीवर जाणार. अशा कामात अनुभवी माणसाशी ठरावीक दिवशी बोलायचं असतं, हेही तूच लिहिलं आहेस, खाली दोन रेघा मारल्या आहेत. ठरवलंस का कुणाशी? आठवीतली एखादी मुलगी येऊन तुझ्या समोर बसेल आणि "काही नाही मॅडम" म्हणेल, तेव्हा तुला काय होईल याची मला भीती वाटते. तू ते कामासाठी आत दाबशील. दाबण्यात तू लहानपणापासून पटाईत आहेस, आणि ते शिकवण्यात माझाही हात आहे.

तू हे काम सोडावंस असं मी म्हणत नाही. बाबांना एकदा वाटलं होतं, दादाने त्यांना गप्प केलं. मला तर वाटतं तुझ्याइतकं चांगलं हे कुणी करणार नाही. भरलेली बाटली तुला वर्गाच्या दारातूनच दिसेल.

फक्त मला "काही नाही गं" म्हणू नकोस. "आई, आज वाईट होता दिवस, पण आत्ता बोलायचं नाहीये" असं म्हण. मी पुढे एक शब्द विचारणार नाही. प्रयत्न करेन.

दादा पुढच्या शनिवारी तिकडे येतो आहे. त्याच्याकडे निळी शाल, तुझ्या दोन वह्या आणि बाटली देते. आत्ताच ती रिकामी केली, घासली आणि पालथी घातली आहे.

बाबा विचारताहेत, खोलीच्या दाराची कडी आतून नीट लागते ना, आणि बाहेरून कुणाला लावता येईल अशी तर नाही ना. दादा येताना स्क्रू ड्रायव्हर घेऊन येईल.

तुझी,
आई