सिस्टर, तुम्ही काम असं सोपवलंत

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

यंदा पावसाच्या तोंडावर मेडिकल वॉर्डची इन्चार्ज म्हणून माझी ऑर्डर निघाली आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे आला. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. फोनवर आभार मानले तर "पुरे गो" म्हणून तुम्ही विषय बदलाल, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण गोव्यातल्या इस्पितळांत माझ्यासारख्या नव्याने इन्चार्ज झालेल्या आणखीही असतील. तुमच्याकडून मला मिळालं ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

इन्चार्ज झालं की कामं वाटून द्यायची, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तुम्ही आमच्या इन्चार्ज होतात तेव्हा काम देताना त्यासोबत ते करण्याचा अधिकार द्यायचात आणि उत्तर देण्याची जबाबदारी मात्र स्वतःकडे ठेवायचात. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. रोजच्या ड्यूटीत ते दिसायचं.

लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा तो पेशंट आठवतो का? शेतात चिखलणी करून आलेला, डोळे लाल, पोटऱ्या दुखून चालता येत नव्हतं. मी नुकतीच लागले होते. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या चिरांतून हा जंतू अंगात शिरतो आणि मूत्रपिंडाला धरतो, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. तुम्ही मला कॉटपाशी नेलंत आणि म्हणालात, "दर तासाला लघवी मोज, चार्टवर लिही. याचं वजन साठ किलो. तासाला किलोमागे अर्धा मिली तरी हवी, म्हणजे ३० मिली. त्याखाली गेली की मला सांग. मी जेवायला बसलेली असले तरी उठव. तोवर हा पेशंट तुझा."

त्या चार-पाच वाक्यांचा मी नंतर पुष्कळ विचार केला. काय करायचं, किती वेळाने, कुठे लिहायचं, कोणत्या आकड्याला तुमच्याकडे यायचं आणि तुम्ही कुठे सापडाल, सगळं त्यात होतं. "जरा लक्ष ठेव हां" असं सांगून कोणी निघून गेलं की नवी मुलगी दर दहा मिनिटांनी विचारायला येते, नाहीतर भीतीने येतच नाही. मला मात्र नेमकं कधी यायचं ते माहीत होतं. संध्याकाळी आकडा २५ वर आला तेव्हा मी धावत आले. तुम्ही चार्ट पाहिलात, पेशंटला पाहिलंत आणि रिसीव्हर माझ्या हातात दिलात. "डॉक्टरांना तूच सांग. आकडे तुझ्याकडे आहेत." त्या रात्री त्याला १०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्समधून गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात पाठवताना कागद मी लिहिले, सही तुम्ही केलीत.

पुढे एका प्रशिक्षणात कळलं की अमेरिकेतल्या परिचारिका मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १९९५ मध्ये काम सोपवण्याचे पाच निकष मांडले आहेत. काम सोपवण्याजोगं आहे का, परिस्थिती तशी आहे का, माणूस योग्य आहे का, सूचना स्पष्ट दिल्या का आणि देखरेख कशी ठेवणार. पडद्यावर ते पाचही आले तेव्हा मला आपला वॉर्ड दिसत होता. शेजारची सिस्टर भराभर लिहून घेत होती. मी पेन खाली ठेवून ऐकत बसले.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते याच्याही पुढचं आहे. एकाच कामातला कोणता भाग द्यायचा आणि कोणता हातात ठेवायचा, हे तुम्ही फार बारकाईने ठरवायचात. रक्त चढवण्याचंच घ्या. बॅगवरचं नाव, गट, नंबर, तारीख कॉटपाशी उभं राहून दोघींनी ताडून बघायचं, यात कधी सूट नव्हती. पहिली १५ मिनिटं तुम्ही स्वतः तिथेच थांबायचात, कारण गंभीर रिअ‍ॅक्शन बहुतेकदा सुरुवातीलाच दिसते. मग नाडी, ताप, बीपी बघायला स्टुडंटला बसवायचात. बॅग चार तासांच्या आत संपायला हवी, हे तिच्याकडून वदवून घ्यायचात आणि सांगायचात, "थंडी वाजली, पाठीत दुखलं, दम लागला तर आधी क्लॅम्प बंद कर, मग हाक मार. मला विचारायला थांबू नको." शिकाऊ मुलीच्या हातात रक्त थांबवायचा अधिकार! काही सीनियरांना ते पटत नसे. मला ते तेव्हाही बरोबर वाटलं होतं, आजही वाटतं. थांबवायचा अधिकार नसेल तर त्या मुलीला तिथे बसवून उपयोग काय?

मावशींच्या बाबतीतही तेच. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, हे काम मावशी सगळीकडेच करतात. तुम्ही त्यांना त्यामागचं कारणही शिकवलंत. माकडहाडाजवळ, टाचेवर लाल डाग दिसला की बोटाने दाबायचा. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी झाली तर ठीक, लालच राहिली तर तिथे जखम सुरू होतेय असं समजायचं. एकदा आपल्या मावशी लकव्याच्या आजीला पेज भरवून, पुसून वळवत होत्या. तिथूनच कोंकणीत ओरडल्या, "बाय, हांगा पळय!" (बाई, इथे बघ!) तुम्ही गेलात, स्वतः दाबून पाहिलंत आणि नोट्समध्ये डाग कोणी पाहिला तेही लिहिलंत. केस पेपरात आपलं नाव आलेलं पाहून मावशींनी पदराने हात पुसले आणि पुढच्या कॉटकडे गेल्या. त्या दिवसापासून त्या वॉर्डभर डाग शोधत फिरायच्या. आजी घरी गेल्या तेव्हा त्यांची कातडी धड होती.

स्टॉक रजिस्टर, सामानाच्या मागणीचे इंडेंट, लिननची मोजदाद असली कंटाळवाणी कामं खाली ढकलायची आणि मानाची आपल्याकडे ठेवायची, ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तुमचं उलट होतं. राउंडला डॉक्टरांच्या बाजूने इन्चार्जनेच चालायचं असा रिवाज. तुम्ही दोन पावलं मागे राहायचात आणि जिचा पेशंट तिला बोलायला लावायचात. पहिल्यांदा माझा आवाज इतका कापत होता की डॉक्टरांनी दोनदा "काय?" विचारलं. तुम्ही मध्ये बोलला नाहीत. मरण पावलेल्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणं मात्र तुम्ही कधी कोणावर सोपवलं नाहीत.

आणि चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची ड्यूटी लिस्ट! गोव्यात चवथीच्या रजेवरून किती कटकटी होतात ते वॉर्डात काम केलेल्यालाच कळेल. चवथीला ख्रिस्ती सिस्टरांनी सांभाळायचं, नाताळात आम्ही, हा समजूतदारपणा असतोच, पण तेवढ्याने भागत नाही. तुम्ही त्या वर्षी लिस्ट आमच्यातल्या सगळ्यात ज्युनियर स्टाफ नर्सकडे दिलीत. अटी घालून दिल्यात: प्रत्येक नाईटला एक सीनियर हवीच, नाईट उतरलेलीला लगेच मॉर्निंग लावायची नाही, गेल्या वर्षी जिने सण वॉर्डात काढला तिला यंदा पहिली पसंती. बाकी सगळं तिच्यावर. एक सीनियर तक्रार घेऊन तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही लिस्टकडे पाहिलंही नाहीत. "तिने केलीय, तिच्याशी बोल." काम देऊन मागच्या दाराने काढून घेणारे वरिष्ठ असतात. तुम्ही तसं कधी केलं नाहीत, म्हणूनच तुमच्यानंतरही लिस्टवरून भांडण झालेलं मला आठवत नाही.

जबाबदारीचं म्हणाल तर एक प्रसंग लिहायलाच हवा. रक्त गोठण्याच्या तपासणीचं सॅम्पल निळ्या झाकणाच्या ट्यूबऐवजी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून गेलं. पाठवणारी मुलगी नवी. रिपोर्ट अडला, डॉक्टर सगळ्यांसमोर तिच्यावर उखडले. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "काम मी दिलं होतं. मला बोला." ते बोलले आणि तुम्ही ऐकून घेतलंत. दुपारी तुम्ही तिला ट्रेपाशी बसवून सगळ्या ट्यूबा टेबलावर मांडल्यात, निळ्या ट्यूबमध्ये रक्त नेमकं खुणेपर्यंत का भरायचं ते दाखवलंत आणि दुसरं सॅम्पल तिच्याकडूनच काढून घेतलंत. ती मुलगी आज आयसीयूत आहे.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात व्यवस्थापनाचा विषय असतो, परीक्षेपुरता आम्ही तो पाठही करतो. पण कोणाला किती द्यायचं, कधी मागे सरायचं, हे मी तुमच्या शेजारी उभी राहून शिकले. त्यासाठी मनापासून आभार, सिस्टर. मावशींनीही नमस्कार सांगितलाय.

चवथीनंतर नव्या मुली जॉइन होताहेत. एखाद्या सकाळी याल का? ड्यूटी बदलताना आधीच्या सिस्टरकडून ओव्हर घेताना काय विचारायचं ते त्यांना तुमच्याकडून ऐकू दे. ड्यूटी लिस्ट हल्ली आमची सगळ्यात धाकटी सिस्टर करते. कोणता दिवस तुम्हाला जमेल ते कळवा, मी तिला विचारून नक्की करते.

तुमची,
मेडिकल वॉर्डची नवी इन्चार्ज