पम्या, लक्ष्या मिळेना

इंदिरानगर, नाशिक
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय पम्या,

शिव्या द्यायच्या असतील तर आधी मनसोक्त देऊन घे, मग पुढे वाच. फोन का नाही केलास म्हणशील. फोनवर तू 'बोल' म्हणतोस, मी 'काही नाही रे, सहज' म्हणतो, मग दोघं पावसाबद्दल बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून कागद घेतला. तब्येतीचं आटपून टाकतो: आईचे गुडघे आहेत तसेच, माझी साखर काठावर, नीलिमा ठणठणीत.

तर, गणपतीत मी तात्या विंचू केला. तुझ्याशिवाय. आणि एक माणूस हसला नाही.

सविस्तर सांगतो. आमच्या सोसायटीत दर गणपतीत फॅन्सी ड्रेस, संगीत खुर्ची आणि बी विंगच्या काकांचा कराओके. यंदा पोरांनी टूम काढली की 'झपाटलेला'तला, बाहुल्यात शिरलेल्या त्या गुंड तात्याचा आणि लक्ष्याचा प्रवेश करायचा. दिवसभर जिन्यात तात्याच्या मंत्राचं 'ओम फट् स्वाहा' चाललेलं असतं. रील्सवर सापडलंय त्यांना. अख्खा पिक्चर मात्र एकानेही बघितलेला नव्हता. मग मीच सगळ्यांना घरी बसवून दाखवला. मला धाकधूक होती. 1993 चा पिक्चर, कॉम्प्युटरची करामत शून्य, ही पोरं म्हणणार 'अंकल, फेक आहे'. म्हणालीच. पण बाहुला एकटा लक्ष्यासमोर तोंड उघडतो ना, तिथे सोफ्यावरचे सगळे पाय वर गेले. मी मुद्दाम बघत होतो. आपल्या वेळी सतरंजी होती म्हणून पाय वर घ्यायची सोय नव्हती, तू सरळ माझ्या मांडीत शिरला होतास. नाकारू नकोस. तिवंध्याच्या त्या गणपतीसमोर निम्मा वाडा साक्षीला होता, व्हीसीआर भाड्याचा होता आणि कॅसेटवर पट्टे यायला लागले की तू म्हणायचास, 'तात्या आला.'

दुसऱ्या दिवशी तू ताईची बाहुली रामसेतूवरून आपल्या गोदागंगेत सोडलीस. परवा ताई भेटली होती मेनरोडला. नातवंडांची खरेदी करत होती. तुझी चौकशी केली, लगेच बाहुलीचीही केली.

असो. तालमीचं ऐक. पोरं मोप, पण प्रत्येकाला तात्याच व्हायचंय. लक्ष्या व्हायला एक तयार नाही. एकजण म्हणाला, 'तो काय नुसता घाबरतो.' मी म्हटलं, अरे तोच तर हिरो आहे. तर म्हणे, हिरो इन्स्पेक्टर महेश आहे, गोळी तो मारतो, दोन भुवयांच्या मधोमध. आता यावर काय बोलणार? डॅम इट!

शेवटी आवाज कुणाला जमेना म्हणून तात्या माझ्या गळ्यात पडला. तांब्याचा हंडा काढला आईचा, भांडीबाजारातला, तोच. टेबलाला चादर लावली, खाली मी, हंड्यात तोंड. वर भाचीचा बाहुला, काठीवर बसवलेला. लक्ष्याच्या जागी उभं राहायला ओमला सांगितलं होतं. (हो, माझ्या मुलाचं नाव ओम आहे, आणि हो, शाळेत त्याला पुढचं सगळं ऐकावं लागतं. बारशाला तू होतास, तेव्हाच बोलायचं होतंस.) ओम उभा राहिला. मी आवाज लावला. वाक्य संपलं, आता लक्ष्याची ती बोबडी वळलेली किंकाळी यायला हवी. काही नाही. मी पुन्हा आवाज लावला, जरा चढवून. वर शांतता. चादरीच्या फटीतून बघतो तर चिरंजीव हाताची घडी घालून बाहुल्याकडे बघतायत, शाळेत प्रार्थनेला उभे असल्यासारखे. आणि मग पहिल्या रांगेतली बी विंगची चिमुरडी जी रडायला लागली, तिच्यामागे आणखी तीन-चार. कुणीतरी लाइट लावले. मी हंड्यासकट टेबलाखालून बाहेर आलो, ते बघून उरलेलीही रडली.

ग्रुपवर आता 'वयानुरूप कार्यक्रम' या विषयावर चर्चा चालू आहे. माझं नाव न घेता. त्या चिमुरडीचे वडील लिफ्टमध्ये भेटले की मजल्यांचे आकडे बघतात.

पम्या, आवाज तोच होता. शप्पथ. सातवीच्या गॅदरिंगला तू लक्ष्या असताना लावला होता तोच, उलट वयाने आणखी खर्जात गेलाय. तेव्हा अख्खा हॉल लोळत होता. मी रात्रभर विचार करत पडलो आणि माझ्या लक्षात आलं की तात्यात मुळात हसण्यासारखं काही नाहीच. त्याला आपण विनोदी पिक्चरमध्ये आहोत हे ठाऊकच नाही! त्याला माणसाचं शरीर हवंय, आणि ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं त्या लक्ष्याचंच हवंय. दिलीप प्रभावळकरांनी तो आवाज कुठे मिश्कील केलेलाच नाही. आदल्याच काळात 'चौकट राजा'त रडवलेला माणूस, त्याने इथे सरळ गुंड उभा केला. हसू सगळं पलीकडच्या बाजूला आहे. लक्ष्मीकांत बेर्डेंचे डोळे, ती जीभ अडखळणं, आणि धडपडत पळणं. आणि समोर रामदास पाध्यांचा खराखुरा बाहुला, हाताला लागणारा. लक्ष्या हवेत बघून ओरडत नाही, त्याच्याकडे बघून ओरडतो. म्हणून आपल्यालाही तो तिथे दिसतो.

तू म्हणशील हे मी तुला 1995 सालीच सांगितलं होतं. सांगितलं होतंस, पण भांडणात. भांडणात सांगितलेलं धरत नाहीत.

आणखी एक. मूळचा तो इंग्रजी पिक्चर, 1988 चा 'चाइल्ड्स प्ले', त्यात बाहुला येतो सहा वर्षांच्या पोराकडे. सहा वर्षांचं पोर घाबरलं तर त्यात नवल काय? आपल्या दिग्दर्शक महेश कोठाऱ्यांनी तो आणून ठेवला लक्ष्याच्या घरात. थोराड बाप्या, पण लग्न ठरायचंय, आईच्या धाकात, आणि बोलक्या बाहुल्यांचा नाद. आता बघ गंमत, बाहुला बोलतो म्हणून हा बोंबलतोय आणि गाव म्हणतं, बोलणारच की, तूच तर बोलवतोस! इतकं चोख कात्रीत धरलंय त्याला. तरी तो सांगायचं थांबत नाही. आईला सांगतो, पोलिसाला सांगतो, भेटेल त्याला सांगतो. लाज म्हणून नाही त्याला.

दुसरा भाग आला ना 2013 ला, थ्रीडीत. आपण चष्मे लावून गेलो होतो, तू मधेच भेळ आणायला उठलास आणि बराच वेळ आला नाहीस. तात्या होता, प्रभावळकरांचा आवाज होता. बेर्डे 2004 च्या डिसेंबरातच गेलेले. बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालास की बाहुला एकटाच दमला बिचारा. तेव्हा मी तुला खडूस म्हटलं होतं.

आता खरं सांगायचं ते. मी ओमला त्या रात्री रागावलो नाही. पण झोपताना तो उशी घेऊन आमच्या खोलीत आला. 'तिकडे गरम होतंय.' सप्टेंबर आहे, गंगेला पाणी आहे, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत गेलं होतं परवा, हवेत गारठा आहे, आणि याला गरम होतंय. मी सरकून जागा दिली. नीलिमाने पंखा लावला आणि आम्ही दोघं कुडकुडत पडलो.

आणि मग मला ती सायकल आठवली. पावसाळाभर तो क्लासवरून सायकल ढकलत यायचा. 'पंक्चर झाली.' मी दर वेळी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे न्यायचो. तो ट्यूब पाण्यात बुडवून गोल गोल फिरवायचा, एक बुडबुडा नाही. म्हणायचा, 'भाऊ, पंक्चर नाहीये, हवा सोडलीय कोणीतरी.' मी त्यालाच वेड्यात काढत होतो. शेवटी क्लासमधल्या एका मुलाच्या आईकडून नीलिमाला कळलं. वरच्या वर्गातली दोन पोरं रोज याची सायकल अडवायची, हवा सोडायची आणि त्याला 'मंत्र म्हण' म्हणायची. मंत्र म्हटला की जाऊ द्यायची. आमच्या जिन्यात जो मंत्र दिवसभर चालतो, त्यात ओमचा आवाज नसतो हे मला तेव्हा कळलं.

पोरांच्या घरी जाऊन आलो, ते मिटलं. त्यांचे आईबाप सज्जन निघाले, चहासुद्धा झाला. पण ओमला विचारलं, अरे सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, 'काय सांगायचं? घाबरलो म्हणून?' अकरा वर्षांचा आहे. हे तो इतक्या सहज म्हणाला की मला पुढचं सुचेना. नीलिमा म्हणते काढून टाक डोक्यातून, मुलं असतात अशी. आई म्हणते तुझ्यावर गेलाय. माझ्यावर? मी घाबरत नव्हतो का? तूच सांग. मला आठवतं ते एवढंच की वाड्यात रात्री संडासाला जायचं तर आपण दोघं जायचो, आणि तू इतका मोठ्याने घाबरायचास की मला वेगळं घाबरायची गरजच पडायची नाही. मी आपला तुझ्यामागून, खिशात हात घालून, शूर.

म्हणजे आई म्हणते त्यात तथ्य असेल. त्याच्याकडे पम्या नाही, एवढाच फरक.

गॅदरिंगचं निघालंच आहे तर तेही होऊन जाऊ दे. बक्षिसाचा स्टीलचा डबा मला एकट्याला मिळाला तो अन्यायच झाला असं मी अजूनही म्हणणार नाही, कारण आवाज अप्रतिम होता. पण बाईंनी तुला निदान झाकण द्यायला हवं होतं. तू रंगपंचमीपर्यंत अबोला धरलास आणि तिवंध्याच्या रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, मला पाठीमागून असा ढकललास की नाकातोंडातून रंग आठवडाभर येत होता. ते फिटलं. त्यानंतर तू जो सिद्धांत मांडलास की दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, ते पडद्यावर येण्याआधी 'प्रोफेसर केळफा' नावाने जादूचे प्रयोग करायचे, म्हणून जगातल्या सगळ्या चमत्कारी पिक्चरांवर पहिला हक्क नाशिकचा आणि तात्या विंचू नात्याने फाळक्यांचा पणतू, तो मी परवा पोरांना सांगितला. फाळके स्मारकाच्या सहलीत म्हणे गुरुजींना ऐकवणार आहेत. तुझं नाव सांगितलंय.

तुझं कसं चाललंय? अकोल्याची बदली पक्की झाली असं कानावर आलं, घर मिळालं का? वहिनींचा हात प्लास्टरमधून निघाला असेल. मुक्ताची बारावी म्हणजे घरात कर्फ्यू असणार, तिला सांग काका म्हणाला होईल सगळं. तुझा तो बँकेतला साहेब गेला का आहे?

आता काम. कोजागरीला गच्चीवर दूध असतं, सोसायटीची सगळी जमतात. मी कमिटीला सांगून टाकलंय की तोच प्रवेश पुन्हा होईल. कमिटी बिथरली. म्हटलं, या वेळी अकोल्याहून नट येतोय. आई मधे पडली म्हणून परवानगी मिळाली. ती त्या चिमुरडीच्या आजीला जाऊन म्हणाली, 'प्रमोद ओरडला की पोरं हसतात, मी पाहिलंय.' माझ्याबद्दल ती असं कधी बोललेली नाही.

आणि तू मला पुन्हा तात्यासमोर हवायस हे कबूल, पण जास्त करून ओमसमोर हवायस. एका बाप्या माणसाला, टक्कल पडलेल्या, बँकेत ऑफिसर असलेल्याला भर गच्चीवर, सगळ्यांच्या देखत तसं बोबडं होऊन ओरडताना त्याने एकदा बघावं. मी समजावून पाहिलं, मला ते जमत नाही. मी बोलायला लागलो की भाषण होतं.

तुझी ती किंकाळी अजून येते ना? ती आधी बारीक निघून मग फाटायची, मधे 'आई गं' पूर्ण व्हायचं नाही. घरात एकदा करून बघ, वहिनींना आधी सांग. गळा बसला असेल तर आठ दिवस आधीपासून ज्येष्ठमध चघळ. पोटाचं कारण देऊ नकोस, पळायचं फार नाही, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत.

सिंहस्थाच्या कामांनी निम्मे रस्ते खोदून ठेवलेत, रिक्षावाले वाट्टेल ते मागतात. तू नाशिकरोडला उतर, मी स्कूटर घेऊन येतो. मुक्काम आमच्याकडेच. सकाळी मिसळ खायला जाऊ, कुठली ते तू ठरव, म्हणजे भांडायला विषय राहील.

मुक्ताची परीक्षा, बँकेचं ऑडिट वगैरे जे काही असेल ते मला माहीत आहे, तरी रजेचा अर्ज आजच टाक. आणि नेहमीसारखं 'बघू' एवढंच लिहून पाठवू नकोस.

तुझा,
बंड्या