प्रिन्सला नावं ठेवण्याआधी शिफ्ट दाबून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत जुन्या गेम्सवर वाचलं आणि लगेच भाच्याला प्रिन्स ऑफ पर्शिया लावून दिला, तर पठ्ठ्या दहा मिनिटांत सात वेळा मेला आणि म्हणे मामा, कंट्रोल्स खराब आहेत. अरे खराब नाहीत रे, जड आहेत! १९८९ चा गेम तो, तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने स्वतःच्या भावाला पळताना-उड्या मारताना कॅमेऱ्यावर शूट करून त्यावरून गेमच्या हिरोची, म्हणजे प्रिन्सची हालचाल काढली, त्यामुळे कीबोर्डवरची की सोडली तरी तो जागच्या जागी थांबत नाही, खऱ्या माणसासारखा दोन पावलं घसरतो आणि मग खड्ड्यात. आम्हीही शाळेच्या कॉम्प्युटरवर असेच पडायचो, वर सरांचा ओरडा वेगळाच.

सगळी गंमत कीबोर्डवरच्या शिफ्ट कीमध्ये आहे. शिफ्ट धरून चाललं की एकेक पाऊल जपून पडतं, कडेवर आपोआप थांबतो, खिळ्यांमधूनही सुखरूप जातो, लटकायलाही तीच आणि तलवार उचलायलाही तीच. आणि पहिल्याच लेव्हलला तलवार न घेता शिपायासमोर गेलात तर एका घावात खेळ खल्लास, हे कुणी सांगतच नाही.

राहता राहिला तो ६० मिनिटांचा टायमर, म्हणजे अख्खा गेम तेवढ्या वेळात संपवायचा. पहिले चार-पाच डाव घड्याळाकडे बघायचंच नाही, नुसतं मरत मरत नकाशा पाठ करायचा. भाचा आता तिसऱ्या लेव्हलला आहे आणि मला जेवायला उठू देत नाहीये.

आपला,
एक जुना खेळाडू, सांगली